करवतीची खालची बाजू

तानुबाई ताटावर बसली, पण तिनं अन्नाला हात लावला नाही.

आधी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सारजाबाई चुलीपाशी वडे तळत होती. कोकिळा वाढण्याच्या गडबडीत होती. सारजाबाईच्या लेकीचं, मनकर्णेचं, आज वर्षश्राद्ध. कुंकवासकट गेलेली बाई, म्हणून तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची. सवाष्ण जेवली म्हणजे गेलेली जेवली, आणि ती जेवेपर्यंत घरात दुसऱ्या कुणी घास घ्यायचा नाही. घरची सवाष्ण म्हणजे आता वेगळी राहणारी थोरली जाऊ, तानुबाई. कोकिळेनं सकाळी आपल्या या मोठाईला तेल लावून न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. आईचं सगळं करायला लेक मुद्दाम सासरहून आली होती.

आश्रुबा दारात उभा होता. बायकोच्या जागी बसलेल्या भावजयीकडं त्याला बघवत नव्हतं, आणि नजरही काढवत नव्हती. खिरीवर साय धरायला लागली तेव्हा तो म्हणाला, "वैनी, घास घ्या. खीर गार व्हायलीय."

तानुबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. तिनं ओसरीवर बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं.

"ती जेवणार न्हाई," आप्पाराव बोलला. "आधी त्या मिशनचा फैसला हू दे."

चुलीपाशी वड्याचा आवाज तेवढा राहिला. सकाळपासून बाहेर लिंबाखाली नांदेडच्या भंगारवाल्याची गाडी सोडलेली होती. ताडकळसच्या बाजाराला आला असेल, असं आश्रुबाला वाटलं होतं. बाजार तर आज नव्हता. त्याला आता उमगलं.

"दादा, आजचा दिवस कोनता, आन् तुमी बोलायलेत काय!"

"आजचाच दिवस हाय. आज सगळे हायत. मनकर्णेची आय हाय, लेक हाय. सगळ्यांसमोर सांग. ती मिशन आज दारातून जाती का न्हाई?"

आश्रुबानं परसाकडं बघितलं. पत्र्याच्या छपराखाली ती उभी होती. माणसापेक्षा उंच लोखंडी सांगाडा, वर एक चाक, खाली एक चाक, मध्ये लाकूड ठेवायचं सपाट मेज. दोन्ही चाकांवरून पोलादाचा दातेरी पट्टा ताणायचा, चाकं फिरली की पट्टा फिरतो आणि लाकूड चिरत जातो. निजामाच्या काळात कुणा जिनिंगवाल्यानं ती विलायतेहून आणली होती. रझाकारांच्या धामधुमीत मालक निघून गेला, जिनिंगचं छप्पर गेलं, आणि कित्येक पावसाळे तिनं उघड्यावर काढले. पूर्णेजवळच्या त्या पडक्या आवारातून आश्रुबानं ती गाडीवर घालून आणली तेव्हा खालच्या चाकातून बाभळीचं रोपटं वर आलेलं होतं. गाव बघायला जमलं आणि हसून गेलं.

मनकर्णा हसली नाही. ती रॉकेल आणि विटेचं पीठ घेऊन बसली. घरातलं सगळं आवरून झालं की पदर खोचून लोखंड घासायची. गंजाखाली काळंभोर अंग निघालं तेव्हा तिनं त्याला हात लावून बघितलं आणि म्हणाली होती, "हिचं काहीच गेलं न्हाई. वरचं कातडंच तेवढं खराब झालं व्हतं."

चाकाचा आख ज्यात फिरतो तिथला पांढरा मऊ धातू झिजून गेला होता. तो वितळवून आखाभोवती नव्यानं ओतायचा होता, पण आखाला चिकटू द्यायचा नव्हता. आश्रुबानं डोकं धरलं. मनकर्णेनं एरंडेलाचा दिवा लावला आणि लेकराला घालायचं काजळ धरतात तशी त्या आखावर काजळी धरली. रस ओतला, निवला, आणि आख बोटानं फिरला. चाकांच्या कडांवरचं रबर कुजलं होतं. तिथं चामड्याची पट्टी सरसानं बसवली. तुटका पट्टा सोनारानं पितळेचा झाळ देऊन जोडला. तो जोडून घरी आला तेव्हा मनकर्णा अंथरुणावर होती, आणि पट्टा चाकांवर चढायच्या आधी ती गेली.

त्यानंतर गाव हसायचं थांबलं आणि बोलायला लागलं. मिशन दारात आली आणि बाई गेली.

"न्हाई जानार," आश्रुबा म्हणाला.

"बघा, सारजाबाई," आप्पाराव आतल्या बाजूला वळला. "तुमचा जावई काय म्हनायलाय बघा. बेवारस लोखंड हाय ते. कुनाचे तळतळाट असतील त्याच्यावर. घरात आनलं आन् वरीस न्हाई भरलं तर तुमची लेक गेली. आता सांगा तुमीच."

सारजाबाईनं कढईतला वडा काढला, झारा निथळू दिला, मग बोलली. "मला इचारू नका. मी लेकीचं करायला आले."

"आज्जी, तू तरी मोठाईला सांग की," कोकिळा रडकुंडीला आली. "ताट वाढलंय आयचं."

"मी काय सांगू माय? तिचा नवरा तिथं बसलाय. त्यानं मनात धरलंय, तर ती कशी जेवील?"

तानुबाई ताटासमोर मांडी घालून तशीच. पदर डोक्यावर. हात मांडीवर.

आश्रुबा ओसरीवर आला. लहानपणापासून तो थोरल्या भावापुढं उभा राहून बोलला नव्हता, बसूनच बोलायचा. आज तो बसला नाही.

"दादा, तिला मिशननं न्हेलं म्हनतात सगळे. मी ऐकून घेतलं. आज मी बोलतो. तिला मिशननं न्हाई न्हेलं. करवतीनं न्हेलं. आपल्या मोठ्या करवतीनं."

"काय बोलायलास?"

"खालची बाजू कोन वढत व्हतं माझी? तुमी वाटनी मागितली. गावं वाटली, गिऱ्हाइकं वाटली, हत्यारं वाटली. वढायला मानूस कुठं वाटनीत आला? खोड घोडीवर चढवायचं, मी वर, ती खाली. वरून मी रेघ बघनार, आन् भुसा पडनार तिच्या डोळ्यात, नाकात, छातीत. दिसभर. रात्री खोकायची. वैद म्हनला सर्दी. कसली सर्दी? भुसा व्हता तो."

हे सगळं खरं होतं आणि घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. खोड तिरपं लाकडाच्या उंच घोडीवर ठेवतात, एक जण वर उभा राहतो, एक खाली. गावात चिरायला मजूर मिळत नाही असं नाही, पण मजुराला द्यायचं म्हणजे बलुत्यातलं धान्य उरत नाही. सुताराच्या बायकोनं खालची बाजू धरायची, ही गोष्ट या घरात कुणी ठरवलेली नव्हती. ती तशीच चालत आली होती आणि चारचौघांत तिचा उच्चार होत नव्हता.

सारजाबाई चुलीपासून उठली आणि दारात आली. हातात झारा तसाच.

"करवतीनं न्हेलं म्हंता," ती म्हणाली. "आन् करवत कुनाची व्हती, जावई?"

म्हातारी उत्तरासाठी थांबलीच नाही. ती परत जाऊन चुलीपाशी बसली.

"ऐकलं?" आप्पाराव म्हणाला. "आता तरी डोकं ठिकानावर आन. भंगारवाला घन घिऊन आलाय. फोडून न्हेईल. तुझी वैनी जेवील, आपन जेवू, इषय संपला."

"तुमाला तिच्या मरनाचं दुख न्हाई, दादा. तुमाला दुसरंच दुखायलंय."

"काय दुखायलंय? बोल, बोल. सगळ्यांसमोर बोल."

"ही चालली तर कुनबी लाकूड घिऊन माझ्या दारात येतील, हेच ना?"

आप्पाराव उठला. त्याची मान लाल झाली. "येतीलच की! मंग मी काय करायचं? औताचं काम करून किती मिळतं? खोड चिरनं हेच माझं पोट हाय. थोरल्यानं धाकट्याच्या दारात लाकूड घिऊन उभं ऱ्हायचं? माझा नंबर कधी म्हनून इचारायचं? तुला इज्जत न्हाई, मला हाय."

"तुमचा नंबर पहिला असंल."

"मला तुझी मेहरबानी नको!"

कोकिळा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आश्रुबानं डोक्याचा पटका काढला, खुंटीला लावला आणि सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"कोकिळा, ईश्वरअप्पांना हाक मार. म्हनावं इंजन सुरू करा."

"आबा, आज? आयच्या दिवशी?"

"आजच. चालली न्हाई तर घन मारू दे त्याला. मी मधी येनार न्हाई. आन् चालली, तर ती इथंच ऱ्हानार, कोनी जेवा न्हाईतर जेवू नका."

परसाच्या भिंतीपलीकडं ईश्वरअप्पाची पिठाची गिरणी. इंजन तिथलं. भिंतीला भोक पाडून त्यातून चामड्याचा लांब पट्टा अलीकडं मिशनच्या चाकाला आणायचा, असं त्या दोघांनी मनकर्णा असतानाच ठरवलं होतं. भोक पाडून झालं होतं. गेले काही महिने त्यातून फक्त मांजर ये-जा करत होती.

कोकिळेनं भोकातून हाक मारली. पलीकडून ईश्वरअप्पाचं कपाळावरलं भस्म तेवढं दिसलं. "काय माय?"

"आबा म्हनतेत, इंजन सुरू करा."

"आज सोमवार हाय. गिरनी बंद."

आश्रुबा भोकापाशी वाकला. "अप्पा, म्हनूनच. आज तुमचं दळन न्हाई. मला अर्धा घंटा द्या."

"आरे, सोमवारी आमी नंदी जुपत न्हाई, तू मला इंजन जुपायला सांगायलास?"

"इंजन काय नंदी हाय व्हय, अप्पा?"

पलीकडून ईश्वरअप्पाचा आवाज आला. "न्हाई म्हना. नंदी इतकं तेल पीत न्हाई." त्यानं चामड्याचा पट्टा भोकातून अलीकडं सारला, आश्रुबानं तो मिशनच्या बाजूच्या मोकळ्या चाकावर चढवला, आणि थोड्या वेळानं इंजनाचं मोठं चाक फिरवल्याचा आवाज, एक भडका, दुसरा भडका, आणि मग ठोक-ठोक असा एकसारखा ताल. पत्रा थरथरायला लागला. आप्पाराव, भंगारवाला, शेजारची दोन-तीन माणसं परसात येऊन उभी राहिली. भंगारवाल्यानं घण खांद्यावरून उतरवून जमिनीला टेकवला होता, घाई न करता.

आश्रुबानं एक कडुनिंबाचं जाड फळकूट मेजावर ठेवलं. दांडा दाबला. चामड्याचा पट्टा सरकून चाकावर बसला आणि चाकं फिरायला लागली. आधी हळू, मग इतकी वेगानं की आरे दिसेनासे झाले. करवतीचा पट्टा वरून खाली वाहायला लागला. आखाचा आवाजसुद्धा नव्हता. त्याला क्षणभर वाटलं, मनकर्णा इथंच कुठंतरी असेल, रॉकेलच्या वासाचे हात पुसत.

त्यानं फळकूट पुढं लोटलं.

कापायच्या ऐवजी मिशन किंचाळली. लाकूड पुढं जाईना. त्यानं जोर लावला. फळकुटातून धूर निघाला, जळक्याचा वास सुटला, आणि जिथं चीर पडायची तिथं एक काळा डाग उमटला. त्यानं आणखी जोर लावला. धूर वाढला. शेवटी त्यानं दांडा उलटा दाबला आणि चाकं थांबली.

आप्पाराव हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो फक्त भंगारवाल्याला म्हणाला, "घ्या."

भंगारवाल्यानं घण उचलला. आश्रुबा बाजूला झाला. शब्द दिला होता. त्यानं बोटानं तो काळा डाग चाचपला, गरम होता. सगळं नीट होतं. चाकं सरळ, आख सरळ, पट्टा ताणलेला. दात त्यानं स्वतः कानशीनं घासून लावले होते, एकेक करून, तिच्या तेराव्यानंतर, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून.

"भाऊजी, दात तर वर बघायलेत."

सगळे वळले. तानुबाई परसदारात उभी होती. ताटावरून उठून आली होती. हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि डोळे मिशनवर.

"काय?" आश्रुबा म्हणाला.

"दात. वर तोंड करून हायत. आन् पट्टा तर खाली जायलाय. मंग कापंल कसं? नुसतं घासायलंय ते."

"तू ताटावरून उठलीस?" आप्पारावचा आवाज चिरकला. "सवाष्ण म्हनून बसवलं तुला, आन् तू ताट सोडून आलीस?"

"किंचाळली म्हनून आले. मला वाटलं कोनाचा हात गेला." ती त्याच्याकडं न बघता मिशनजवळ आली. "मी खाली उभी ऱ्हाते नं, भाऊजी. दिसभर करवतच बघते खालून. वरचा मानूस रेघ बघतो, मला तर दातच दिसतेत. कुनीकडं तोंड असल्यावर कापतं आन् कुनीकडं असल्यावर नुसतं घासतं, ते मला म्हाईत न्हाई व्हय?"

आश्रुबानं पट्ट्यावरून बोट खालून वर फिरवलं. गुळगुळीत. वरून खाली फिरवलं, तर कातडी ओरखडली. तो पट्ट्याकडं बघत राहिला, आणि मग त्याला आपली चूक कळली. लहानपणापासून त्याच्या हातातली हातकरवत ओढताना कापायची. दात नेहमी मुठीकडं. पट्टा चढवताना त्यानं विचारसुद्धा केला नव्हता. पट्टा ताणायची मूठ वरच्या चाकापाशी होती. मूठ वर, म्हणून दात वर. वडिलांनी शिकवलेलं हातानं केलं होतं, आणि मिशनला तर कुणी ओढत नव्हतं.

"थांब रे बाबा," तो भंगारवाल्याला म्हणाला.

"फैसला झाला!" आप्पाराव पुढं आला. "चालली न्हाई तर घन मारायचा, तूच म्हनलास."

"चालली न्हाई कुठं? चालली. कापलं न्हाई." आश्रुबा मूठ सैल करायला लागला. "मधी येऊ नका, दादा. आज मधी येऊ नका."

त्या आवाजात असं काहीतरी होतं की आप्पाराव थांबला. भंगारवाल्यानं घण परत जमिनीला टेकवला आणि तंबाखू काढली. त्याला कुठं घाई होती?

पट्टा चाकांवरून उतरला. आता तो उलटा करायचा होता, आतली बाजू बाहेर, म्हणजे दात आपोआप खाली तोंड करतील. एकट्याला जमणारं काम नव्हतं. पोलादाचा तो लांब वेढा हातातून निसटून सापासारखा उसळत होता. तानुबाईनं नवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि दुसरी बाजू धरली.

"तानु!" आप्पाराव ओरडला.

"धरते जरा. रोज धरतेच की तुमची."

दोघांनी मिळून वेढा पिळला, पलटला, आणि तो परत उघडला तेव्हा दात खाली होते. तानुबाईच्या अंगठ्याला दात लागून रक्त आलं होतं. तिनं अंगठा तोंडात घातला आणि बाजूला झाली.

"अप्पा, हाय का इंजन?" आश्रुबानं भोकातून विचारलं.

"हाय की. मी काय झोपलोय?"

पुन्हा दांडा. पुन्हा चाकं. आश्रुबानं तेच जळकं फळकूट घेतलं, दुसऱ्या कडेनं लावलं आणि लोटलं. या वेळी त्याला जोर लावावाच लागला नाही. लाकूड आपलं आपण आत गेलं. भुसा मेजाखाली धार धरून सांडायला लागला, आणि दोन फळ्या वेगळ्या होऊन दोन्ही बाजूंना कलल्या. तो कडुनिंबाचा कडू वास परसभर झाला. आश्रुबानं फळीवरून हात फिरवला. दोन माणसांनी घोडीवर खूप वेळ घालवून पाडली असती, त्याहून सरळ चीर होती.

त्यानं दांडा उलटा दाबला. इंजन पलीकडं चालूच होतं.

"भाऊजी," तानुबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "खाली कोन उभं ऱ्हातं हिच्या?"

"कोनीच न्हाई."

"मंग भुसा?"

"जमिनीवर पडतो. झाडून घ्यायचा."

ती मेजाखाली वाकली. तिथं भुशाचा लहानसा ढीग होता. तिनं त्याला हात लावला नाही, नुसतं बघितलं. मग उभी राहिली आणि तिला खोकला आला. छोटासाच होता. तिनं पदरानं तोंड दाबलं, पण आश्रुबानं ऐकला. तो खोकला त्याला पाठ होता. त्यानं भावाकडं बघितलं. आप्पाराव पत्र्याच्या छपराकडं बघत होता.

"चल," आप्पाराव म्हणाला. "नेस दुसरं लुगडं. जायचं आपल्याला. या घरात पानीसुद्धा घ्यायचं न्हाई."

"मोठे आबा, असं नका करू," कोकिळा पुढं आली. "आयचं ताट..."

"तुझ्या आयचं ताट मोडलं. सवाष्ण उठून गेली. आता काय ऱ्हायलं?"

ते शब्द आश्रुबाला लागले. मिशन चालली होती; पण वर्षभर वाट बघितलेला दिवस, तिला पोटभर जेवू घालायचा दिवस, त्यानंच मोडला होता. एक तर मिशन, एक तर ताट. दोन्ही मिळणार नव्हतं.

"मोडलं न्हाई," आतून आवाज आला.

सारजाबाई परसदारात आली होती. तिनं मिशनकडं ढुंकूनही बघितलं नाही.

"घास घेतला न्हाई तवर सवाष्ण ताटावर बसलीच न्हाई, असं धरतात. आमच्याकडं असंच हाय. खरकटं झालं न्हाई, ताट मोडलं न्हाई." ती तानुबाईकडं वळली. "तुला बसायचं तर ये. न्हाई तर जा. पन लवकर सांग. वडे गार झालेत."

"मामी..." आश्रुबा म्हणाला.

"तुमी मला काही बोलू नका, जावई. तुमच्या मिशनचं मला कवतिक न्हाई. माझी लेक परत येत न्हाई तिनं. मी ताटाचं बोलायले."

तानुबाई मधोमध उभी होती. एका बाजूला नवरा, चपला पायात घालून. दुसऱ्या बाजूला परसदार. तिनं खोचलेलं लुगडं सोडलं, निऱ्या नीट केल्या.

"तुमी व्हा फुडं," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय म्हनालीस?"

"मी जेवून येते."

"मी जेवू नको म्हनून सांगितलं तुला!"

"सकाळी सांगितलं. मी बसले न जेवता. इतका येळ बसले नं? माझ्या जावंचं ताट हाय, आन् माझ्या तोंडून तिला उपाशी ठेवलं तुमी." तिचा आवाज चढला नव्हता, पण परसातल्या सगळ्यांना ऐकू जात होता. "आन् अजून एक सांगते, आत्ताच सांगते, घरी जाऊन नको. उद्यापासून खालच्या बाजूला मी न्हाई. आपल्या दारातलं बाभळीचं खोड इथं येईल. तुमी आनलं तर तुमच्या हातानं. न्हाई तर मी लोटत आनीन, गावातून, सगळ्यांसमोर."

आप्पाराव वळून अंगणाकडं गेला. शेजारच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं आणि हळूहळू काढता पाय घेतला. भंगारवाला घण खांद्यावर टाकून बैल जुपायला गेला. तानुबाई आत गेली. कोकिळेनं पळत जाऊन गार झालेली खीर बदलली, वडे गरम करून वाढले, ताटाभोवती पाणी फिरवलं.

आश्रुबा परसदारात थांबला. आत बघायचा त्याला धीर होत नव्हता.

"मोठाई, अजून वाढू?" कोकिळेचा आवाज आला.

"वाढ की. कढी पन आन." आणि मग, तोंडात घास असताना, "मनकर्णेला कढी लय आवडायची."

भिंतीपलीकडं ईश्वरअप्पानं इंजन बंद केलं. कानाला एकदम मोकळं वाटलं. आश्रुबा ओसरीवर गेला. कोकिळेनं पुरुषांची पानं मांडायला घेतली होती. थोरल्याचं पान नेहमीसारखं पहिलं. आप्पाराव ओसरीच्या खाली, अंगणात उभा होता, चपला पायातच. लिंबाखालून भंगारवाल्याची गाडी निघाली. त्यानं तिकडं बघितलं नाही.

आश्रुबा आपल्या पानावर बसला. शेजारचं पान रिकामं. त्यानं पाण्याचा तांब्या उचलून भावाच्या पानाशी ठेवला.

"दादा, मिशन जानार न्हाई," तो म्हणाला. "हात धुवा आन् बसा."